अगत्तीच्या लगूनमधलं गवत : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

सगळे कागद हातात आले. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर येण्याचा परवाना वेगळा, लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या (प्रवाळाच्या कड्याच्या) आतल्या संथ पाण्यात, काम करण्याचा वेगळा, आणि कासवांच्या आसपास काही उभारायचं तर वनखात्याची मंजुरी आणखी वेगळी. हिरवं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे हे असंच असायला हवं.

काम थोडक्यात असं. अगत्तीच्या पश्चिमेला उथळ लगून आहे. पुष्कळ ठिकाणी छातीभर नाहीतर पुरुषभर पाणी. इथे एके काळी समुद्री गवताची दाट कुरणं होती. २००० नंतरच्या दशकात हिरवी कासवं मोठ्या संख्येने चरायला येऊ लागली आणि ही कुरणं खुरटत खुरटत जवळजवळ संपली. चरणं थांबवलं तर वाळूत उरलेल्या खोडांतून गवत परत उभं राहतं का, किती वेगाने, आणि त्याच्यामागोमाग कोण कोण येतं, हे आम्हाला बघायचं आहे. त्यासाठी छोटी छोटी कुंपणं घालायची आणि मोजत राहायचं.

घरी गुहागरला फोन केला तेव्हा आईने पहिलं विचारलं, "म्हणजे कासवांना उपाशी ठेवणार का गं?" आमच्याकडे कासव म्हटलं की वाळूत घरटं, टोपलीखालची अंडी आणि पहाटे समुद्रात सोडलेली पिल्लं. ती ऑलिव्ह रिडले. ती खेकडे, कोळंबी, जेलीफिश असलं काय काय खातात, गवतावर जगत नाहीत. मोठं झालेलं हिरवं कासव मात्र मुख्यतः गवत आणि शेवाळ खातं. आईला सांगितलं की आमची कुंपणं अंगणातल्या रांगोळीएवढी आणि लगून कित्येक चौरस किलोमीटरचं. तिचं फारसं समाधान झालेलं दिसलं नाही.

१५ नोव्हेंबर

पहिली पाहणी. ५० मीटरचा टेप तळाशी टाकायचा, दर ५ मीटरवर ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट ठेवायची, आणि आत गवताने किती टक्के जागा झाकली आहे, कुठली जात, पानांची उंची किती, फुटवे किती, ते पाटीवर पेन्सिलने लिहायचं. असे तीन टेप, एकमेकांपासून २५ मीटरवर. जगभर बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत वापरतात, म्हणून आकडे एकमेकांशी ताडता येतात.

बहुतेक चौकटींत नुसती पांढरी वाळू. अधूनमधून खुरटे पुंजके. वरून बघितलं तर कुणालाही वाटेल की इथे काही नाहीच. वाळूत बोटं घातली की आडवी खोडं हाताला लागतात. जिवंत आहेत, पांढरट आणि टणक.

मुख्य जाती दोन. सायमोडोसिया रोटुंडाटाचं पान अरुंद, टोक गोलसर आणि गुळगुळीत. थॅलेशिया हेम्प्रिचीचं पान किंचित वाकलेलं, त्यावर बारीक तपकिरी ठिपक्या-रेघा, आणि खोड जाड, जुनी पानं गळल्याच्या खुणा अंगावर घेतलेलं. थॅलेशिया सावकाश वाढते, एकदा गेली की परत यायला फार वेळ घेते. सायमोडोसिया त्या मानाने चपळ. कासवांचं चरणं वाढलं तशी अगत्तीत थॅलेशिया मागे पडली आणि सायमोडोसिया पुढे आली, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आलं होतं. आम्हालाही थॅलेशिया क्वचितच दिसली.

पुढे गोंधळ नको म्हणून लिहून ठेवते: हे शेवाळ नव्हे. याला मुळं आहेत, खोड आहे, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या शिरा आहेत, पाण्याखाली फुलं येतात आणि परागीभवनही बहुतेक जातींत पाण्यातच होतं. जगात अशा सत्तरेक जाती आहेत.

१६ नोव्हेंबर

आज फक्त चावे बघितले. पानाच्या टोकावरून कोण जेवून गेलं ते कळतं. कासवाने खाल्लेलं पान आडवं, सरळ कापलेलं असतं, आणि एका पुंजक्यातली सगळी पानं एकाच उंचीवर. पॅरटफिशचा चावा पानाच्या कडेला अर्धचंद्रासारखा. रॅबिटफिश कुरतडतो, कडा दातेरी दिसते. सी-अर्चिनने, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवाने, खाल्लेलं पान चिंध्या झालेलं, धागे लोंबणारं.

आम्ही गोळा केलेल्या पानांत सरळ कापलेली सगळ्यांत जास्त निघाली. नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली लक्षद्वीपबद्दल हेच मांडलं होतं: कुरणात जेवढं नवं गवत तयार होतं, त्याचा मोठा वाटा कासवांच्या पोटात जातो, माशांच्या वाट्याला थोडं उरतं. वाचलेलं होतंच, पण मुठीत धरलेल्या पानांवर ते दिसलं तेव्हा जास्त पटलं.

२१ नोव्हेंबर

कुंपणं उभी केली. तीन प्रकार. एक पूर्ण बंद. एक नुसत्या चार खुंट्या, बाकी मोकळं. तिसरं दोन बाजूंनी जाळी आणि दोन बाजू उघड्या. हा तिसरा प्रकार वाळू धरण्याचा आणि सावलीचा परिणाम वेगळा काढण्यासाठी. नाहीतर उद्या कुणीही विचारेल की गवत कासव न आल्यामुळे वाढलं की जाळीमुळे पाणी संथ झालं म्हणून. विचारायलाच हवं.

मासेमारीची जाळी मुद्दाम वापरली नाही, कासव तिच्यात अडकून बुडेल. कडक जाळी घेतली, भोकं एवढी मोठी की रॅबिटफिश सरळ आत-बाहेर करतो, कासवाचं डोकंही जात नाही. टोकदार कडा सगळ्या आत वळवल्या.

३ डिसेंबर

होडीवाले इक्का (इथे थोरल्या भावाला अशी हाक मारतात) आज बोलते झाले. त्यांचं मल्याळम बेटावरचं, माझं हिंदी, मध्ये माझा सहकारी.

"मोळे (पोरी), तू कासवाला बाहेर ठेवतेस, चांगलं आहे. पण पंधरा वर्षांपूर्वी का नाही आलीस?" त्या काळी गळ टाकून बसलं तर चारी बाजूंना कासवांची डोकी श्वास घ्यायला वर यायची, असं ते म्हणाले. जाळी फाटायची. त्याहून वाईट म्हणजे गवतातले मासे कमी झाले. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर ट्यूनाच्या बोटी जात नाहीत, तेव्हा घरात शिजतं ते लगूनमधलंच. "आम्ही सांगायचो, कासवं गवत खातात म्हणून मासा गेला. साहेब लोक म्हणायचे, तुम्ही जास्त पकडता म्हणून गेला."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. २०१३ साली रोहन आर्थर, केळकर, तेरेसा अल्कोव्हेरो आणि एम. डी. मधुसूदन यांनी हाच प्रश्न तपासला होता, आणि कोळ्यांचं म्हणणं पर्यावरणाच्या दृष्टीनेही खरं निघालं. जिथे कासवांनी गवत खुडून काढलं तिथे कुरणातले मासे कमी. इक्कांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला माहीतच होतं."

मला वाटतं, या बेटांवरच्या कुठल्याही कामाची सुरुवात इथून व्हायला हवी. ज्यांच्या घरात त्या गवतातला मासा शिजतो त्यांचं निरीक्षण आधी, आमचा टेप नंतर.

इक्कांच्या वडिलांच्या काळात होड्यांच्या लाकडाला कासवाची चरबी लावायचे, पाणी लागू नये म्हणून. कायदा आला, ते थांबलं. ते परत सुरू व्हावं असं इक्काही म्हणत नाहीत.

१९ डिसेंबर

जाळ्या घासल्या. शेवाळ चढलं की आत सावली पडते. दर काही दिवसांनी हेच काम. बाकी विशेष नाही.

११ जानेवारी २०२५

पानांच्या वाढीचं मोजमाप. पद्धत सोपी आणि फार सुंदर आहे: पान जिथे देठाच्या आवरणातून बाहेर येतं तिथे सुईने आरपार भोक पाडायचं. गवताचं पान टोकाकडून नाही, बुडाकडून वाढतं. त्यामुळे भोक हळूहळू वर सरकतं. ठरावीक दिवसांनी भोक किती वर गेलं ते मोजलं की वाढ कळते.

बुडाकडून वाढण्यामुळेच हे गवत चरणं सोसतं. टोक खाल्लं तरी कारखाना खाली शाबूत. थोडंफार चरलेल्या ठिकाणी तर नवी कोवळी पानं भरभर येतात, त्यात नत्र जास्त असतं, म्हणून कासवंही तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा कापतात. कासवं मोजकी असताना हा हिशोब जमतो. कासवं फार झाली की पान उगवलं रे उगवलं की कापलं जातं. नवं पान काढायला झाड खोडातली साठवलेली साखर आणि पिष्ट वापरतं, भरपाई होत नाही, आणि खोड रिकामं होत जातं.

बंद कुंपणातलं सायमोडोसिया आता बाहेरच्यापेक्षा उघड उंच आहे. बाहेर पानं बोटाच्या पेराएवढी, आत बोटभर. फुटव्यांची संख्या मात्र अजून तेवढीच. आधी उंची, मग दाटी, असा क्रम दिसतोय.

७ फेब्रुवारी

आज एका बंद कुंपणासमोर पोटावर तरंगत नुसतं बघत राहिले. बराच वेळ.

पानं आता वाकतात, म्हणजे त्यांना लांबी आली आहे. लाट आली की सगळी एका बाजूला झोपतात आणि पाण्यातले बारीक कण त्यांच्यात अडकून खाली बसतात. कुंपणाच्या आतली वाळू बाहेरच्यापेक्षा बारीक आणि किंचित करडी झाली आहे. जुन्या पानांवर पांढरी खवल्यासारखी पुटं चढली आहेत, ती चुना धरणाऱ्या लाल शेवाळाची. त्यात नखाएवढ्या चपट्या चकत्या, फोरामिनिफेराच्या. एका पेशीचा जीव आणि अंगावर चुन्याचं घर. तो मेला की घर वाळूत जातं. या बेटांची वाळू अशीच प्रवाळाच्या चुऱ्यातून आणि असल्या कवचांतून झालेली आहे.

पानाच्या मागे तांदळाएवढी गोगलगाय पुटं खरवडत होती. तळाशी एक ट्रिपन्यूस्टीस, पांढऱ्या आखूड काट्यांचा सी-अर्चिन, स्वतःच्या पाठीवर गवताचे तुकडे आणि एक शिंपला धरून बसलेला. उन्हापासून आडोसा म्हणून तो असं करतो असं मानतात. मग एम्परर माशाची पिल्लं आली, पाच-सहा, अंगावर गवताच्या सावल्यांसारखेच पट्टे. जाळीच्या भोकातून आत, पानांच्या बुडाशी, आणि दिसेनाशी. मोठी झाली की ती रीफकडे जातील. दोन खुंट्यांमागच्या उघड्या वाळूत एकही पिल्लू नव्हतं.

इक्कांना हाक मारली. ते होडीतून काच लावलेला डबा पाण्यावर धरून बघत होते. त्यांनी त्या पिल्लांचं नाव सांगितलं आणि ते तेलात कसं करायचं तेही सांगितलं.

१ मार्च

जागतिक समुद्री गवत दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये ठरवला. शाळेतल्या मुलांना ओहोटीला किनाऱ्यावर नेलं, वाहून आलेली पानं गोळा केली आणि चावे ओळखायचा खेळ केला. मुलं माझ्याहून पटकन ओळखतात.

२७ मार्च

संध्याकाळी जुने नकाशे घेऊन बसलो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले जगताप यांनी इनामदारांबरोबर विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून लक्षद्वीपच्या गवताचे नकाशे केले होते, ते १९९१ साली प्रसिद्ध झाले. आज त्या कामाची किंमत कळते. कुरण गेल्यावर ते होतं हे सिद्ध करायला तेवढंच हाताशी उरतं.

त्याच्याशेजारी मयुरेश गांगल आणि सहकाऱ्यांचं २०२१ चं काम ठेवलं की चित्र पुरं होतं. एका बेटाचं कुरण कासवांनी संपवलं की ती पुढच्या बेटाकडे वळतात, तिथलं संपलं की त्याच्या पुढच्या. एकामागून एक. कुरण नावाला उरतं, पण माशांना आसरा देणं, वाळू धरणं, गाळात कार्बन पुरून ठेवणं यांतलं काहीच त्याच्याकडून होत नाही.

हे फक्त इथलं नाही. इंडोनेशियात देरावान बेटांच्या संरक्षित पाण्यात कासवं गवत संपल्यावर वाळू उकरून खोडं खायला लागली. बर्म्युडातही कुरणं कासवांनी खाऊन संपत आल्याचं नोंदलं आहे. सगळीकडे गोष्टीचा एक भाग समान: कासवाची शिकार माणसाने थांबवली, ते चांगलं झालं. पण कासव खाणारे मोठे शार्क, विशेषतः टायगर शार्क, माणसानेच कमी केले. शार्क नुसता कासवं खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवत नाही. तो फिरत असला की कासव एकाच जागी निवांत चरत नाही, जागा बदलतं, आणि तेवढ्यात गवताला उसंत मिळते.

म्हणून "कासवं फार झाली" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कासवं परत येताहेत, बाकीचे परत आलेले नाहीत.

२२ एप्रिल

पाणी गरम. दुपारी उथळ भागात पाय ठेवला की जाणवतं. गेल्या वर्षीची भीती सगळ्यांच्या बोलण्यात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीपासून लक्षद्वीपभोवतीचा समुद्र तापलेला राहिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तेव्हा ते जाहीर केलं होतं. त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६. दोन तडाख्यांमध्ये रीफला सावरायला वेळच उरत नाही.

रीफ कमजोर झाली की तिच्यावर फुटणारी लाट आत जास्त जोराने येते. आत वाळू धरून ठेवणारं गवत असतं तर थोडा आधार होता. या बेटांची जमीन समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे, त्यामुळे लगूनच्या तळाशी काय उगवतं हा प्रश्न थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो.

९ मे

आवराआवर. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लहान बोटींची ये-जा बंद असते. कुंपणांच्या सळया खोल ठोकल्या, सैल जाळ्या काढून घेतल्या. तुटून वाहत गेलेली जाळी कासवाच्या गळ्यात नको. उरलेल्या खुंट्यांचे बिल्ले तपासले.

कासवांचे अभ्यासक सतीश भास्कर यांची आठवण निघाली. १९८२ चा अख्खा पावसाळा ते लक्षद्वीपमधल्याच सुहेलीच्या निर्जन बेटावर एकटे राहिले, हिरव्या कासवांची घरटी मोजायला. मे ते सप्टेंबर बोट नाही, माणूस नाही. हिरवं कासव इथे पावसाळ्यात अंडी घालतं आणि तेव्हा तिथे कुणी जात नसे, एवढ्यासाठी. आपल्याकडे कासवांबद्दल जे माहीत आहे त्यातलं कितीतरी असल्या हट्टातून आलंय. गवताला असा हट्टी माणूस फार उशिरा मिळाला.

२६ सप्टेंबर

परतलो. पाणी अजून गढूळ.

एक बंद कुंपण वाळूखाली गेलंय, अर्ध्या उंचीपर्यंत. एकाची जाळी एका बाजूने उघडली, आणि आत पानं एकाच उंचीवर सरळ कापलेली. म्हणजे कासवांनी ती फट शोधली. कासवं अगत्तीत आता पूर्वीएवढी दिसत नाहीत, पण एक मूठभर गवत उगवलं तर ते त्यांना सापडतंच.

तिसरं बंद कुंपण उभं आहे आणि आत गवत दाट आहे. आता फुटवेही वाढलेत. कडेला जाऊन बघितलं तर आडवी खोडं जाळीखालून बाहेर निघाली आहेत, दर काही बोटांवर एक नवा फुटवा. जाळीच्या आतला फुटवा वीतभर, त्याच खोडाचा बाहेरचा फुटवा पेरभर आणि टोक सरळ कापलेलं. एकच झाड, मध्ये तार. माझ्या सहकाऱ्याने फोटो काढला. अहवालात आलेखांच्या आधी तोच लावायचा.

दोन बाजू उघड्या ठेवलेल्या कुंपणांत वाढ नाही. तेव्हा जाळीच्या सावलीचा किंवा संथ पाण्याचा प्रश्न मिटला. गवत चरणं थांबल्यामुळेच वाढलं. थॅलेशियाचा एकच पुंजका आहे आणि त्यात अजून फारसा फरक नाही.

११ ऑक्टोबर

काल निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना आययूसीएनने अबुधाबीत धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी जाहीर केली. हिरवं कासव "संकटग्रस्त"मधून थेट "किमान चिंता"मध्ये. १९७० च्या दशकापासून जगातली संख्या अंदाजे २८ टक्क्यांनी वाढली.

मला मनापासून आनंद झाला. हवाईत, ब्राझीलमध्ये घरट्यांवर रात्री जागवणाऱ्यांचं हे यश आहे. आईलाही लगेच कळवलं. पण यादीत प्राणी मोजतात, त्याचं ताट नाही. कासव किती आहेत याच्या शेजारी कुरण किती आहे हा रकाना हवाच. तो नसला तर अगत्तीसारख्या जागी आकडा चांगला आणि लगून ओसाड, असं एकाच वेळी होतं, आणि तक्रार करणारा कोळी खोटा ठरतो.

बातमी ऐकून इथे कुणीतरी म्हटलं, मग आता पकडायला परवानगी मिळेल का? नाही. भारतातल्या कायद्यात काही बदललेलं नाही आणि बदलू नये. आज इथे चरणारं कासव उद्या दुसऱ्या देशाच्या वाळूत अंडी घालू शकतं. इथल्या गर्दीवरून त्याचा फैसला करता येत नाही.

१८ ऑक्टोबर

बेटावरच्या कोळ्यांबरोबर बैठक झाली, वनखात्याचे लोकही आले. तिथे मी तीन गोष्टी मागितल्या. जिथे खोडं अजून जिवंत आहेत ते तुकडे शोधून त्यांवर कुंपणं ठेवावीत, लगूनभर नाही, बियाण्याच्या कोठारासारखी थोडी थोडी. देखभालीला बेटावरचीच माणसं पगारावर घ्यावीत, कारण जाळी दर आठवड्याला घासावी लागते आणि आम्ही इथे कायम नसतो. आणि शार्कच्या मासेमारीची नोंद कासवांच्या नोंदीबरोबर एकाच वहीत व्हावी.

तिसऱ्या मागणीवर बराच वाद झाला. शार्क आले तर गळाचे मासे पळवतात हे इथल्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. दुसरी मागणी लगेच मान्य झाली, इक्कांच्या भाच्याने नावही दिलं. पहिलीवर जागा कुठल्या यावरून नकाशे पसरले गेले. इक्कांनी पेन्सिलीने चार ठिकाणं दाखवली, त्यातली दोन आमच्या टेपच्या मार्गावर कधीच आली नव्हती. सोमवारी तिथे चौकट टाकायची. पाणी निवळलं तर बुडून खोडंही बघायची, थॅलेशिया असली तर आधी तिच्यावर कुंपण.